निरोप देऊन झालेले काका

दिल्लीच्या जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट घालून कचेरीत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही बाकीचे स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर असे कोबीच्या गड्ड्यासारखे गुंडाळून बसलेले, आणि हे गृहस्थ हात काखेत घालून, दात वाजवत नकाशावर वाकलेले. त्यांना थंडी वाजत नव्हती असं नाही. त्यांच्या टेबलाजवळून गेलं तर दातांचा आवाज ऐकू यायचा.

मी पुण्याहून नुकताच नोकरीला लागलो होतो. तोंडाला लगाम नव्हता. म्हटलं, "काका, स्वेटर का नाही घालत?"

"काका क्वार्टरवर. इथे साहेब म्हणायचं," ते म्हणाले. मग नकाशावरून मान न उचलता, "स्वेटर घेतला की मुक्काम वाढतो."

मुक्काम म्हणजे दिल्लीतला. ते मूळचे मुंबईचे, तिथल्या विमानतळावरचे. विमानतळांचे नकाशे करणाऱ्या आमच्या सरकारी खात्याची मुख्य कचेरी दिल्लीत. तिथे त्यांना दोन वर्षांसाठी बोलावून घेतलं होतं. मी रुजू झालो तेव्हा ती दोन वर्षं संपूनच इतकी वर्षं झाली होती की ती मोजायची कुणाला इच्छा नव्हती. बदलीचा अर्ज दर वर्षी जायचा आणि दर वर्षी कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर झोपायचा. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की निवृत्तीच्या आधी एकदा आपल्या विमानतळावर परत जायचं. "नोकरी तिथे सुरू झाली, तिथे संपवीन. मधलं हे दिल्लीचं म्हणजे वेटिंग रूम."

वेटिंग रूममध्ये माणूस जसा वागतो तसेच ते वागायचे. लक्ष्मीबाई नगरात त्यांचं क्वार्टर आमच्या मागच्याच रांगेत होतं. पहिल्यांदा बायकोला घेऊन गेलो तर बाहेरच्या खोलीत एकावर एक लोखंडी ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात 'मुंबई' लिहिलेलं. खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतीला खिळा नाही. काकूंनी चहा केला, पण आम्ही चौघे आणि कप तीन. बाकीचे ट्रंकेत. काकू खिडकीतून शेजारी ओरडल्या, "बीजी, एक कप देना!" शेजारची सरदारीण सवयीनं कप घेऊन आली आणि आम्हाला म्हणाली, "ये लोग बस जा ही रहे हैं, बेटा. जब से मैं आई हूँ, जा ही रहे हैं."

काकू हसल्या. काका हसले नाहीत. "चहा प्या," म्हणाले, "आज तिकडे पश्चिमेचा वारा आहे."

या वाऱ्याचंही सांगायला हवं. रोज सकाळी कचेरीत आल्याआल्या ते मुंबईच्या विमानतळावर फोन लावायचे. पलीकडे त्यांचा कुणी जुना जोडीदार होता. संभाषण एका शब्दाचं. "वारा?" उत्तर ऐकायचं, फोन ठेवायचा, आणि आमच्या अख्ख्या दालनाला उद्देशून जाहीर करायचं, "आज पश्चिमेचा." किंवा "आज पडलाय." आमच्यातले उत्तर प्रदेशी, बंगाली, तमिळ सगळे मान डोलवायचे. का डोलवायचे, कुणाला ठाऊक! मुंबईचा वारा कळल्याशिवाय दिल्लीतल्या त्या दालनात पेन्सिलीला टोक होत नसे, हे खरं.

टेबलाच्या काचेखाली मुंबईच्या विमानतळाचा जुना नकाशा. दिल्लीच्या विमानतळाचा दरवाजामागे, छत्री अडकवायच्या खुंटीखाली. मी एकदा दिल्लीच्या बाजूनं बोलायला गेलो.

"दिल्लीला काय आहे?" काका म्हणाले. "सपाट रान. चटई अंथरली की धावपट्टी झाली. आमच्याकडे या बाजूला डोंगर, त्या बाजूला समुद्र, मधून नदी, भिंतीला टेकून झोपड्या, आणि ह्या सगळ्यावर आपलं खातं. तरी रोज विमानं उतरतात! त्याला विमानतळ म्हणतात."

मी त्यांच्या हाताखाली केलेला पहिला नकाशा याच विमानतळाचा होता. सामान ठेवायच्या शेडचा. रात्रंदिवस खपून, रेघा अगदी काजळासारख्या काढून मी तो त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी बराच वेळ पाहिला. मला वाटलं, कौतुकाला शब्द सापडत नाहीयेत.

"वा," ते म्हणाले. "तुम्ही अरबी समुद्र ठाण्याकडे नेलात. ठाणेकर खूश होतील."

उत्तर दिशेचा बाण मी उलटा काढला होता. पुढचे कितीतरी महिने दालनात कुणी मुंबईला निघालं की काका त्याला बजावायचे, "जाताना याच्या नकाशावर जाऊ नका. बुडाल."

ते स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते. मुंबईला जायचे ते रेल्वेनं, वर्षातून एकदा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आचारी कधी पंगतीला बसतो का?" खरं कारण काकूंनी सांगितलं. रजेवर पाहुण्यासारखं त्या विमानतळावर उतरायचं त्यांच्या मनात नव्हतं. उतरायचं ते ऑर्डर खिशात घेऊन.

आणि एका वर्षी ती ऑर्डर निघाली. म्हणजे, निघाली असं आम्ही ऐकलं.

मंत्रालयात आमचे एक मराठी उपसचिव होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "समजा झालंच. फाइल सहीला गेलीय." ते दिवसच असे होते, की सगळं काही समजा झालंच होतं. नवीन विमान कंपन्या येणार, परवाने सुटणार, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहणार. अशा हवेत एका माणसाची बदली ती काय! बातमी दुपारी कचेरीत आली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींना पोचली.

आमचं मंडळ म्हणजे लक्ष्मीबाई नगर आणि आसपासच्या सरकारी क्वार्टरांतली मराठी माणसं. काम दोनच: गणपती बसवणं आणि बदली झालेल्यांना निरोप देणं. दुसरं काम आम्ही पहिल्यापेक्षा चांगलं करायचो, कारण त्याला वर्षभर सराव असे. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, बटाटेवडा. मग त्या कुटुंबाचं नाव यादीतून वगळून 'बाहेरगावचे हितचिंतक' या सदरात जायचं. एकदा तिकडे गेलं की माणूस परत येत नसे. सरकारच येऊ देत नसे.

सेक्रेटरी काकांकडे आले तेव्हा मी तिथेच होतो.

"या रविवारी उरकून टाकू," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, ऑर्डर तरी हातात येऊ दे," काका म्हणाले.

"ऑर्डर येईल हो. हॉल येणार नाही. पोरांच्या फॅन्सी ड्रेससाठी घेतला होता, त्यांची परीक्षा आली मध्येच. पुढे लग्नसराई. मार्चपर्यंत हॉल नाही!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मला काय विचारता? मी काय नकाशात आहे का तुमच्या?" सगळे हसलो. सेक्रेटरींनी त्याला होकार समजून डायरीत लिहूनही टाकलं.

माझ्याकडे भाषण आलं. मी तेव्हा भाषण म्हटलं की अंगात आल्यासारखा बोलायचो. त्या दिवशी तर विषयच जिव्हाळ्याचा. त्यांचा साधेपणा, त्यांची निष्ठा, "आता ते टेबल रिकामं दिसेल," "आता तो आवाज कानी पडणार नाही," असं करत करत मी अशा उंचीला पोचलो, की उशिरा आलेले, कानानं अधू असे एक आजोबा मागच्या रांगेत हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. त्यांना बघून त्यांच्या शेजारची दोन माणसं उभी राहिली. मग अख्खी रांग. दोन मिनिटं शांतता पाळली जायच्या बेतात असताना काकू पहिल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अहो बसा, बसा! जिवंत आहेत!"

हॉल हशानं फुटला. काकाही हसले. मी त्यांना पोटभर हसताना त्या दिवशी पाहिलं. अंगावर मंडळाची लोकरीची शाल होती, हातात नारळ होता, आणि ते बोलायला उभे राहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुम्ही सगळे कधी आलात तर मला विचारत या. विमानतळावर असेन."

वाटून द्यायला त्यांच्या घरात काही नव्हतंच. कढीपत्त्याची एक कुंडी होती. सगळ्या रांगेच्या फोडण्या तिच्यावर चालत. ती काकूंनी माझ्या बायकोकडे सोपवली.

पुढच्याच आठवड्यात कळलं, की नव्या धोरणात मुंबईची ती जागाच गोठवली. ऑर्डर निघणार नाही. नकारही आला नव्हता, होकारही नाही. फाइल परत आली, एवढंच.

कढीपत्ता तोवर आमच्याकडे वाळून खराटा झाला होता. मी त्याला भक्तिभावानं रोज दोनदा पाणी घालत होतो. कुंडी परत न्यायची सोय उरली नाही.

पण कुंडीचं काय घेऊन बसलात, माणसाचीच सोय उरली नाही. बदली रद्द होणं दिल्लीत नवीन नव्हतं. सत्कार रद्द कसा करतात, हे मात्र आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. सरोजिनी मार्केटात काका भाजी घेताना दिसले की ओळखीचा माणूस दचकायचा. "अरे! गेला नाहीत?" पहिल्यांदा काका खुलासा करायचे. मग "उद्या" म्हणायला लागले. मग बाजाराला काकूच यायला लागल्या.

भाद्रपदात गणपती बसला. काका आले नाहीत. मी बोलवायला गेलो.

"मला पत्रिका नाही," ते म्हणाले.

"पत्रिका कसली, काका? मागच्या रांगेत तर बसलाय गणपती."

"नाही रे. मला निरोप देऊन झालाय. नारळ घेतलाय मी. तो फोडून खाल्लाही. आता आरतीला येऊन उभा राहू, म्हणजे जेवून उठलेल्यानं पुन्हा पाट मांडून बसल्यासारखं होईल."

पत्रिका खरं तर पाठवली होती. सेक्रेटरींनी यादीप्रमाणे, बाहेरगावचे हितचिंतक म्हणून, मुंबईच्या विमानतळाच्या पत्त्यावर. वाऱ्याच्या जोडीदारानं ती कचेरीच्या टपालातून दिल्लीला धाडली. विसर्जनानंतर चार-पाच दिवसांनी काकांच्या टेबलावर आली. त्यांनी ती काचेखाली नकाशावर ठेवली. सगळे येऊन वाचून हसून गेले. मीही हसलो. फार मजेशीर वाटलं होतं तेव्हा.

सकाळचा फोन त्यानंतरही सुरू होता, फक्त वारा मोठ्यानं जाहीर होईनासा झाला. आणि घरात मात्र उलटंच घडलं. काकूंनी ट्रंका उघडल्या. कप बाहेर आले. खिडक्यांना पडदे लागले, उन्हाळ्यात कूलर आला, कॉलनीतल्या बालवाडीत काकू शिकवायला जायला लागल्या. पंजाबी पोरं त्यांच्याकडून 'ये गं ये गं सरी' शिकून घरी जायची आणि त्यांच्या आया काळजीनं विचारायला यायच्या, की मुलगा हे काय बोलतोय. मग काकूंनी दिल्लीतच, मयूर विहारच्या एका सोसायटीत घरासाठी नाव घातलं. काकांनी सह्या केल्या, हप्ते भरले, तोंडातून ब्र काढला नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, म्हातारा माणसात आला.

मी तोवर सरकारी नोकरी सोडून गुडगावच्या एका कंपनीत गेलो होतो. राजीनामा देताना काकांना सांगायला गेलो.

"गुडगाव? काय आहे तिथे?"

"आज काही नाही, साहेब. पण आता सगळं तिथेच होणार आहे."

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे तूही वेटिंग रूममध्ये चाललास."

माझी वेटिंग रूम वातानुकूलित होती. कंपनी मला विमानानं मुंबईला पाठवायची. पहिल्या वेळी मी सीटचा पट्टा शेजारच्या माणसाच्या पट्ट्यात अडकवला आणि आम्ही दोघे जोडीनं उड्डाण केलं. हे काकांना सांगितलं तेव्हा ते खुदकन हसले, मग म्हणाले, "ते राहू दे. उतरल्यावर काय दिसलं?" मी म्हटलं, "गर्दी."

ते निवृत्त झाले तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. मला बोलायला सांगितलं, आणि यावेळी कुणी चुकूनही उभं राहणार नाही अशा बेतानं मी चिडून बोललो. एका माणसानं आयुष्यभर एकच मागणं मागितलं आणि खात्यानं ते दिलं नाही. अशा खात्याला विमानं बांधून काय मिळणार, वगैरे. खातं विमानं बांधत नाही, हे ओघात विसरलो. टाळ्या पडल्या. दोन साहेब उठून गेले. काका मान खाली घालून ताटलीतला ढोकळा चमच्यानं कुस्करत होते.

नंतर माझ्याजवळ आले. "बोललास छान. विषय चुकला."

"म्हणजे?"

"चहा घे. निवतोय."

मी चहा घेतला. विषय कसा चुकला, हे विचारायला मला पुढे कितीतरी वर्षं होती. मयूर विहारला गेलो की गप्पा व्हायच्या. मी एकदा म्हटलं, "काका, कंपनीच्या कामाला जातोय, चला बरोबर. तिकीट माझं. दोघे तुमच्या विमानतळावर उतरू." ते बाल्कनीत उभे होते. म्हणाले, "आता काय बघायला जाऊ? आणि कुणी विचारलं कोण तुम्ही, तर काय सांगू?" त्यांचा सूर असा होता, की मी विषय क्रिकेटवर नेला. मला तेच बरं जमायचं.

ते गेले ते पावसाळा संपताना, फार त्रास न देता. मी तेव्हा बाहेरगावी होतो. परतल्यावर काकूंना भेटायला गेलो. बोलता बोलता माझी जुनी टकळी सुरू झाली: खात्यानं अन्याय केला, त्या फाइलनं घात केला, एक सही हवी होती फक्त.

काकू मटार सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ऑर्डर आली होती रे."

"कधी?"

"या घराचा ताबा मिळाला त्या वर्षी. ती गोठवलेली जागा मोकळी झाली. यांनी लिहून दिलं, घरगुती अडचणीमुळे जाता येत नाही. मला माहीतच नाही. आजारपणात एका दुपारी सहज बोलून गेले. मी म्हटलं, का हो? म्हणाले, तू इतक्या वर्षांनी कुठे घर मांडलं होतंस. पडदे शिवलेस, शाळा धरलीस. पुन्हा तुला कुठे उपटू?"

मी समोरची एक शेंग उचलून सोलायला घेतली. दाणे सालींत टाकले, सालं भांड्यात.

"आणि मी पडदे कशाला शिवले होते?" काकू म्हणाल्या. आता हात थांबले होते. "त्या बदलीचं फिसकटल्यावर ते रोज त्या बांधलेल्या सामानाकडे बघत बसायचे. मला ते बघवेना. म्हटलं, आपणच इथे मन रमलं असं दाखवावं, म्हणजे यांचं तिकडचं झुरणं तरी थांबेल. दिल्ली मला कधी आवडली नाही रे. उन्हाळा नाही आवडला, थंडी नाही आवडली. त्यांनी एका शब्दानं विचारलं असतं तर त्याच दुपारी गाडीत बसले असते."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, काकू?"

"ते बोलले का?" मग मटारचं भांडं बाजूला सारून, "मला एकदा नेशील तिथे? विमानानं?"

"नेईन की. पण काकू, आता..."

"त्यांच्यासाठी नाही म्हणत. मी जन्मभर त्या जागेवर जळले. दुसऱ्या बाईवर जळावं तशी. दिसते तरी कशी, ते बघू दे."

हिवाळ्यात एका सकाळच्या विमानानं आम्ही गेलो. पट्टा काकूंनी स्वतः बांधला, माझाही नीट आहे का बघितला. खिडकीशी बसल्या. विमान उतरायला लागलं तशी त्यांनी काचेवर कपाळ टेकवलं. टेकड्या आल्या, निळ्या ताडपत्र्यांची छपरं आली, अगदी भिंतीपर्यंत. चाकं टेकल्यावर सगळे सामानासाठी उठले. त्या बसूनच राहिल्या. मी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाल्या, "जागा तशी लहानच आहे, नाही?"

बाहेर आलो. मी टॅक्सी बघायला पुढे गेलो. परत आलो तर काकू दरवाजाच्या बाजूच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. माणसं नावांच्या पाट्या घेऊन ताटकळत होती, ढकलगाड्या वाट मागत होत्या. तिथला एक तरुण हवालदार त्यांच्याजवळ येऊन अदबीनं विचारत होता, "आजी, कुणाला घ्यायला आलाय का? बराच वेळ उभ्या आहात."

"आले होते खरी," काकू म्हणाल्या. "पण आमचे साहेब दिल्लीतच राहिले."